पुस्तक सुचवावं कसं, मागावं कसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे एक आखीव वही आहे. पहिल्या रकान्यात पुस्तकाचं नाव, दुसऱ्यात ते कुणी सुचवलं, तिसऱ्यात कुणाला, आणि चौथ्यात ‘वाचलं का?’ पहिले तीन रकाने भराभर भरतात. चौथा बराचसा कोराच राहतो. पुस्तकं आवडीने सुचवणारे पुष्कळ आणि ती कौतुकाने टिपून घेणारेही पुष्कळ, पण सुचवलेलं पुस्तक खरोखर वाचलं जाणं ही वेगळीच गोष्ट. खालचे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले आहेत. उत्तरं देताना माझी नजर त्या चौथ्या रकान्यावर आहे.

सगळ्यांनी वाचावं असं एकच पुस्तक सांगा ना.

नाही सांगता येत. ही टाळाटाळ नव्हे. गणिताचे अध्यापक असलेले आणि पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला दुसरा नियम ‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक’ आणि तिसरा ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’. दोन्ही नियम शेजारीशेजारी ठेवले की ‘सगळ्यांसाठी एक’ या मागणीला जागाच उरत नाही. चौथा नियम तर थेट आपल्यासाठीच आहे, ‘वाचकाचा वेळ वाचवा’. शिफारस करतो म्हणजे आपण नेमकं तेच करत असतो, किंवा करायला हवं.

मग विचारावं कसं? ‘काहीतरी चांगलं सुचवा’ म्हटलं की वीस नावं येतात आणि एकही वाचलं जात नाही.

तीन गोष्टी सांगा: अलीकडे मनापासून आवडलेलं पुस्तक, अर्ध्यात टाकलेलं पुस्तक, आणि वाचायला वेळ कधी नि किती मिळतो ते. यातली दुसरी गोष्ट सांगायला लोक लाजतात, पण सगळ्यांत जास्त माहिती तीच देते.

एक उदाहरण देतो. एका बाईंनी मला सांगितलं, ‘मला इतिहास फार आवडतो, पानिपतावर आणखी काही द्या.’ विश्वास पाटलांची ‘पानिपत’ ही कादंबरी त्यांनी जागरण करून संपवली होती. मी मोठ्या उत्साहाने त्र्यं. शं. शेजवलकरांचं ‘पानिपत १७६१’ दिलं. महिनाभराने विचारलं तर म्हणाल्या, ‘चांगलं आहे हो, पण ते सारखं वाद घालतात.’ बरोबरच होतं त्यांचं. शेजवलकर इतिहासकार. पुरावे तपासायचे, इतरांची मतं खोडायची, हेच त्यांचं काम. बाईंना हवी होती गोष्ट, इतिहास त्या गोष्टीच्या अंगावरचा पोशाख होता. मी त्यांना आधी ‘कुठलं पुस्तक टाकून दिलंत?’ एवढं विचारलं असतं तर महिना वाचला असता. विषय एक असला म्हणजे पुस्तकं एकमेकांच्या जवळची असतात असं नाही.

पण आवड नेमकी कशाची आहे हे स्वतःलाच कळत नसेल तर?

सिअॅटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांची एक कल्पना मला फार उपयोगी पडली आहे. त्या म्हणतात, पुस्तकात शिरायला चार दारं असतात: कथानक, माणसं, जागा आणि भाषा. प्रत्येक पुस्तकाला चारही असतात, पण कुठलं तरी एक जास्त मोठं असतं, आणि आपणही सवयीने त्याच त्या दारातून आत जातो.

मराठीत बघा. ‘व्यक्ती आणि वल्ली’ला माणसांचं दार एवढं मोठं आहे की कथानक कुठे आहे हे विचारायचं कुणाला सुचत नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त नवखा मास्तर धनगरांच्या वस्तीवर येतो, आणि त्याच्याबरोबर आपण त्या माळरानावर राहायला जातो. ते दार जागेचं. नेमाड्यांच्या ‘कोसला’चं दार भाषेचं. १९६३ पासून लोक त्या पुस्तकावर भांडतायत, आणि माझ्या मते निम्मं भांडण याचंच आहे की एक जण भाषेच्या दारातून आत गेलाय आणि दुसरा कथानकाचं दार शोधत अंगणात उभा आहे.

तुमची आवडती पाच पुस्तकं आठवा आणि प्रत्येकाचं मोठं दार कोणतं ते ठरवा. तीन-चार वेळा एकच उत्तर आलं तर पुढच्या वेळी विषयाऐवजी दार सांगा. ‘मला जागा जिवंत करणारं काहीही चालेल, मग ते प्रवासवर्णन असो की कादंबरी,’ असं म्हणणाऱ्याला सुचवणं फार सोपं जातं.

शिफारस कशी लिहावी? ‘अप्रतिम! आवर्जून वाचा!’ एवढं लिहिलं तर बिघडलं काय?

बिघडलं काही नाही, फक्त त्यातून पुस्तकाविषयी काही कळलं नाही. ते वाक्य शब्दकोशालाही चालेल.

मी हल्ली अशी लिहितो. दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ सुचवायचं आहे असं धरा: ‘बारा महिन्यांवरचे ललितलेख, १९५६ चे. गोष्ट नाही, माणसंही फारशी नाहीत, झाडं, पक्षी आणि उजेड आहेत. चैत्रापासून सुरुवात होते, पण जो महिना चालू आहे त्याच्यापासून वाचायला घेतलंत तरी काही बिघडत नाही. एका बैठकीत एकच लेख. सलग वाचलं तर सगळे रंग एकमेकांत मिसळतात. झाडांची नावं माहीत नसतील तर सुरुवातीला अडखळायला होतं. घाईत असाल तर आत्ता नको.’

यात कौतुकाचं एकही विशेषण नाही. पण हे पुस्तक आपल्यासाठी आहे की नाही ते वाचणाऱ्याला कळतं, आणि आपल्यासाठी नाही हे कळणंही तितकंच मोलाचं. ‘कुणाला आवडणार नाही’ हे वाक्य शिफारशीत हवंच. अशी उणी बाजू सांगितली की उरलेल्या चार वाक्यांवर लोकांचा जास्त विश्वास बसतो, हा माझा अनुभव.

वाचलेलं नाही, पण खूप ऐकलंय अशा पुस्तकाची शिफारस चालते का?

‘मी वाचलेलं नाही’ हे आधी सांगितलं तर चालते. न सांगता केली तर मात्र अफवेसारखी पसरते.

स्टीफन हॉकिंग यांचं काळाच्या इतिहासावरचं १९८८ चं पुस्तक याचं ठळक उदाहरण. प्रत्येक समीकरणागणिक खप निम्मा होईल असं त्यांना कुणी तरी बजावलं होतं, म्हणून त्यांनी आइन्स्टाइनचं ते एकच प्रसिद्ध समीकरण ठेवलं. पुस्तक अफाट खपलं आणि घरोघरी कपाटात जाऊन बसलं. २०१४ मध्ये जॉर्डन एलनबर्ग या गणितज्ञाने एक गमतीचा मापदंड काढला. किंडल या ई-पुस्तकं वाचायच्या उपकरणावर वाचकांनी सर्वाधिक अधोरेखित केलेले पाच उतारे पुस्तकात सरासरी किती आत येतात, ते मोजायचं. लोक शेवटपर्यंत वाचत असतील तर खुणा शेवटपर्यंत पसरलेल्या दिसतील. हॉकिंग यांच्या पुस्तकाला मिळाले ६.६ टक्के, तर डोना टार्ट यांच्या ‘द गोल्डफिंच’ या जाडजूड कादंबरीला ९८.५. हे शास्त्र नव्हे, असं एलनबर्ग स्वतःच म्हणाले होते. तरी मापदंडाला त्यांनी हॉकिंग यांचंच नाव दिलं.

माझ्या वहीत आता पाचवा रकाना आहे: ‘सुचवणाऱ्याने वाचलंय का?’ हा प्रश्न तोंडावर विचारायला जड जातो. त्याऐवजी मी विचारतो, ‘त्यातलं तुम्हाला काय आठवतं?’ खरं वाचलेल्याला काही तरी बारीकसारीक आठवतंच. न वाचलेला मलपृष्ठावरचा मजकूर सांगतो.

एखाद्या विषयाची काहीच ओळख नाही. त्यातलं सर्वोत्तम पुस्तक घेऊ का?

नको. त्या विषयातलं दुसरं पुस्तक वाचावंसं वाटेल असं पहिलं पुस्तक घ्या. सर्वोत्तम म्हणवणारं पुस्तक बहुधा जाणकारांनी जाणकारांसाठी निवडलेलं असतं, आणि दहा पुस्तकं वाचून झाल्यावर त्याची खरी चव कळते.

आता माझ्या वहीत ज्यांच्यापुढचा चौथा रकाना भरलेला दिसतो अशी काही. आकाशाविषयी जयंत नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’. पुस्तक मोठं आहे, पण आकृत्यांच्या आधाराने हवं तिथे उघडून वाचता येतं. गणिताची धास्ती असलेल्यांनी गणित येईल ती पानं बिनदिक्कत ओलांडावीत. विज्ञान नको वाटतं पण वैज्ञानिक माणूस चालेल, अशांना वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. गुलामगिरीत जन्मलेल्या मुलाचा कृषिशास्त्रज्ञ होतो, त्याचं हे चरित्र १९८१ चं. एरवी न वाचणाऱ्या माणसांनी ते एका दमात वाचल्याच्या सगळ्यांत जास्त नोंदी माझ्याकडे याच पुस्तकाच्या आहेत. प्राण्यांच्या वागण्याविषयी काही हवं असेल तर माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही छोटी कादंबरी. वानरांच्या टोळीतला सत्तेचा झगडा आहे, माणूस जवळजवळ नाहीच, आणि तरी वाचताना माणसंच आठवत राहतात.

महाभारताकडे नव्याने बघायचं असेल तर इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’. १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला होता, पण सुचवतोय ते त्यामुळे नव्हे. त्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक, त्यामुळे देवत्व बाजूला ठेवून नात्यागोत्याचे आणि स्वार्थाचे धागे उसवत जातात. श्रद्धेने वाचणाऱ्यांना कधी कधी खटकतं, तेव्हा देताना तेवढं सांगून द्या. याच विषयावर दुर्गा भागवतांचं ‘व्यासपर्व’ही आहे. दोन्ही एकापाठोपाठ वाचली तर एकाच द्रौपदीला दोन बायका किती वेगळ्या नजरेने बघतात ते दिसतं. माझा कौल ‘युगान्त’ला, पण माझ्या जवळच्या दोघी जणी या बाबतीत मला अजिबात जुमानत नाहीत.

समाजातल्या तळाच्या माणसाने स्वतः सांगितलेलं काही हवं असेल तर दया पवारांचं ‘बलुतं’, १९७८ चं. सुचवताना मी एवढंच म्हणतो की निवांत असताना घ्या, प्रवासात नको. कवितेला हात लावायला धजावत नाही असं म्हणणाऱ्यांना ‘बहिणाबाईंची गाणी’ मोठ्याने म्हणायला सांगतो. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईने आपल्या बोलीत रचलेल्या या ओळी, त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये पुस्तकात आल्या. त्या तोंडात घोळवायच्या, डोळ्यांनी वाचल्या की निम्मी लय कागदावरच राहते.

आत्मचरित्रं सगळी सारखीच ‘मी मोठा कसा झालो’ छापाची वाटतात. वेगळं काही?

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ पासून भागाभागाने आलेलं हे पुस्तक आजही जुनं झालेलं नाही. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख लग्नानंतर झाली, त्यामुळे त्या लिहीत नाहीत, समोर बसून बोलतात. नवरा ख्रिस्ती होतो तेव्हा कोसळलेलं घर आणि त्याच नवऱ्याच्या विसराळूपणाचे किस्से त्या एकाच आवाजात सांगतात. कुठेही ‘बघा मी किती सोसलं’ नाही.

जुनं पुस्तक सुचवताना आवृत्ती सांगायची गरज असते का?

कधी कधी नावापेक्षा जास्त. डार्विनचं जीवजातींच्या उत्पत्तीवरचं पुस्तक १८५९ मध्ये आलं आणि त्याच्या हयातीत सहा आवृत्त्या निघाल्या. १८७२ च्या सहाव्या आवृत्तीत टीकाकारांना उत्तर देणारं अख्खं प्रकरण वाढलं आहे. पहिल्यांदा वाचणाऱ्याला पहिली आवृत्ती बरी. युक्तिवाद सरळ जातो, मध्ये कुणी हात धरून थांबवत नाही.

आपल्याकडचं उदाहरण गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’चं. दक्षिणा मिळवायला उत्तरेकडे निघालेला हा भिक्षुक १८५७ च्या धामधुमीत सापडला आणि झाशीचा वेढा त्याने आत राहून पाहिला. पुस्तक १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी छापलं, पण राज्य इंग्रजांचं असल्यामुळे मजकुरात काटछाट आणि फेरफार करून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणला. म्हणजे दोघांनी ‘माझा प्रवास’ वाचला आणि दोघं वेगळंच सांगतायत, असं होऊ शकतं. अशा वेळी संपादकाचं नाव सांगितलंच पाहिजे. नव्या पुस्तकांना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, असतो. २००७ पासून तो तेरा आकडी आहे, प्रत्येक वेगळ्या आवृत्तीला वेगळा. शोधणाऱ्याचा घोळ टाळायचा असेल तर तोच आकडा द्यावा.

अनुवाद सुचवावा की मूळ?

ज्या भाषेत वाचणारा आडवं पडून वाचू शकतो त्या भाषेतलं. शब्दकोश उशाशी घेऊन केलेलं वाचन अभ्यास म्हणून ठीक, पण शिफारशीचं पुस्तक आनंदासाठी असतं.

मात्र अनुवाद सुचवाल तर अनुवादकाचं नाव वगळू नका. राम पटवर्धनांचं ‘पाडस’ बघा. मूळ कादंबरी मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची, तिला १९३९ मध्ये पुलित्झर मिळालं. पण मराठीत हरणाच्या पिल्लावर जीव लावणारा ज्योडी जो बोलतो ते ऐकताना हे दुसऱ्या भाषेतून आलंय याचा विसर पडतो. ते यश पटवर्धनांचं. शांता शेळक्यांचं ‘चौघीजणी’ तसंच. गौरी देशपांड्यांनी तर रिचर्ड बर्टनच्या अरेबियन नाइट्सचे सोळा खंड मराठीत आणले. लहानपणी वाचलेल्या गोंडस गोष्टींच्या आठवणीने ते मुलांच्या हातात देऊ नका, ते मोठ्यांचं वाचन आहे.

अनुवाद जमलाय का हे ओळखायला मी मधलंच एखादं संवादाचं पान उघडून मोठ्याने वाचतो. माणसं माणसांसारखी बोलत असतील तर पुढे.

किती पानं वाचून सोडून द्यावं?

पुन्हा नॅन्सी पर्ल. पन्नास पानं द्या, नाही रुचलं तर मिटा. वय पन्नासच्या वर असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढी पानं. म्हणजे सत्तर वर्षांच्या वाचकाने तीसच पानं द्यायची. नियम गमतीचा आहे पण हिशेब खरा आहे, उरलेला वेळ कमी तेवढा सोसण्याचा कोटा कमी. कवितासंग्रह आणि संदर्भग्रंथ यांना हा नियम लावू नका.

पुरस्कार मिळालेली किंवा भरपूर तारे पडलेली पुस्तकं निवडली तर सोपं नाही का?

सोपं आहे, खात्रीचं नाही. २०१४ मध्ये बालाझ कोवाच आणि अमांडा शार्की या संशोधकांनी पुरस्कार मिळालेली पुस्तकं आणि अंतिम यादीत येऊन पुरस्कार हुकलेली पुस्तकं यांना गुडरीड्स या वाचकांच्या संकेतस्थळावर लोकांनी दिलेले गुण ताडून पाहिले. पुरस्कार जाहीर झाल्यावर विजेत्या पुस्तकांचे गुण घसरले होते. पुस्तक तर तेच, शब्दही बदललेला नाही. बदलले ते वाचक. पुरस्काराच्या गाजावाजामुळे ज्यांच्या आवडीचं ते मुळात नव्हतं असे खूप जण त्याच्याकडे आले आणि हिरमुसले.

ताऱ्यांपेक्षा मी तीन तारे देणाऱ्यांचं लिखाण वाचतो. पाचवाले प्रेमात असतात, एकवाले रागात. मधल्यांनी पुस्तक वाचलेलं असतं.

यंत्राला विचारलं तर? चॅटबॉट क्षणात यादी देतो.

यादी देतो हे खरं. ती पुस्तकं अस्तित्वात आहेत का ते आधी बघा. मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका जुन्या दैनिकाच्या पुरवणीत उन्हाळ्यातल्या वाचनाची पंधरा पुस्तकांची यादी आली होती. लेखक खरे, नामांकित. पण पंधरापैकी दहा पुस्तकं कुणी कधी लिहिलेलीच नव्हती, यादी यंत्राकडून घेऊन न तपासता छापलेली. ग्रंथालयाच्या सूचीत नाव टाकून पाहायला अर्धा मिनिट लागतो.

आपल्याला हवंय ते शब्दांत मांडायला यंत्राची मदत होते, हे मात्र मान्य.

मला रहस्यकथा आणि प्रेमकथाच आवडतात. चारचौघांत सांगायला लाज वाटते.

सांगा. लाजेपोटी ‘वैचारिक’ मागितलंत तर वैचारिक मिळेल.

मुलांसाठी सुचवताना काय बघावं?

त्यांच्या वयापेक्षा ती कशावर थबकतात ते बघा. आठ वर्षांचं एक मूल डायनासोरांची लांबलचक नावं घडाघडा वाचतं आणि परीकथेच्या पहिल्या पानावर जांभया देतं. मोठी माणसं मुलांना पुस्तक देताना स्वतःचं बालपण त्यांच्या हातात देतात, आणि मग ते नाकारलं गेलं की दुखावतात. माझंही झालंय तसं. तुम्हाला आवडलेलं जरूर द्या, पण बरोबर त्याच्या पसंतीचं एक असू द्या, कितीही उथळ वाटलं तरी.

मोठ्यांनी आणि मुलांनी मिळून वाचण्यासाठी तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’. आगगाडीच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेच्या या आठवणी मुलांना गोष्ट म्हणून आवडतात, पालक मात्र मध्येच गप्प होतात.

कुणी दुःखात किंवा आजारात आहे. त्याला कोणतं पुस्तक द्यावं?

आधी, द्यावं का, हे ठरवा. शोकावरचं पुस्तक शोकाच्या पहिल्या आठवड्यात दिलं तर ‘आता हे वाचून शहाणं हो’ असं ऐकू येऊ शकतं. आजाऱ्याला जाड पुस्तक नको, याचं कारण अगदी साधं आहे. पडल्या पडल्या हाताला वजन पेलत नाही. मी एकाला रुग्णालयात सातशे पानांचा ग्रंथ नेऊन दिला होता. तो त्याने दोन आठवडे टेबलावर पाण्याचा पेला ठेवायला वापरला. अशा वेळी तुटक वाचता येतील असे छोटे लेख, विनोदी असले तर उत्तम, किंवा तुम्ही शेजारी बसून वाचून दाखवा.

बागकाम, शिवण, पाककृती, दुरुस्ती अशा हातकामाच्या पुस्तकांची पारख कशी करायची?

ज्याच्याकडे ते आहे त्याची प्रत बघायला मागा. डाग कुठल्या पानांवर आहेत ते पाहा. तेलाच्या बोटांचे ठसे, मातीचे शिंतोडे, समासात पेन्सिलने ‘हे निम्मं घ्यावे’ अशी नोंद असलेलं पुस्तक डोळे मिटून घ्या. कोरं करकरीत असेल तर ते भेट आलेलं आहे.

आरोग्य, पैसा, कायदा?

प्रकाशनाचं वर्ष आधी, बाकी सगळं नंतर. कायदे, कर आणि उपचार बदलतात आणि पुस्तक छापलं तिथेच थांबतं. समज वाढवायला घ्या, निर्णयासाठी जाणत्या माणसाकडे जा.

शेवट सांगितला तर काय मोठंसं बिघडतं?

२०११ मध्ये निकोलस ख्रिस्टेनफेल्ड आणि जोनाथन लेविट या मानसशास्त्रज्ञांनी काही वाचकांना लघुकथांचे शेवट आधीच सांगून टाकले, तर त्यांना त्या कथा किंचित जास्तच आवडल्या. प्रयोग लघुकथांवरचा आहे, सहाशे पानांवरचा नाही. तेव्हा तोंड बंद ठेवलेलं बरं. फार तर ‘शेवट गोड नाही’ एवढं सांगा. ते काहींना हवं असतं.

एका वेळी किती पुस्तकं सुचवावीत?

एक. फार आग्रह झाला तर दोन, आणि ती दोन एकमेकांहून वेगळी. दहांची यादी म्हणजे निवड न केल्याची कबुली. माझ्या वहीत दहा-दहाच्या ज्या याद्या आहेत त्यांच्यापुढचा चौथा रकाना बघवत नाही.

मी जीव तोडून सुचवलेलं पुस्तक समोरच्याला आवडलंच नाही. वाईट वाटतं.

वाटणारच. मला सर्वांत प्रिय असलेलं एक पुस्तक एका मित्राने चार महिन्यांनी परत दिलं, वर ‘छान होतं’ असंही म्हणाला. घरी आल्यावर उघडलं तर खूण म्हणून घातलेली औषधांची पावती पान ३१ वर होती. मी काही बोललो नाही. ती पावती अजून तिथेच आहे. पण पुढे कधी तरी मी ते पुस्तक त्याच्या नजरेने पुन्हा उघडलं आणि दिसलं की पहिल्या तीस पानांत नुसती नावं येत राहतात, सतरा माणसं, एकाचाही चेहरा नाही. मला दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात ती सगळी ओळखीची झाली होती म्हणून ते जाणवत नव्हतं. आता ते पुस्तक सुचवताना मी सांगतो, ‘पान ३५ पर्यंत नावं लक्षात ठेवू नका, पुढे आपोआप कळतात.’ त्यानंतर ते तिघांनी पूर्ण वाचलं. मित्राला मात्र पुन्हा द्यायचा धीर झालेला नाही.

उसनं दिलेलं पुस्तक परत येत नाही. काय करावं?

पहिल्या पानावर पेन्सिलने नाव आणि दिलेली तारीख लिहा, आणि देतानाच समोरच्यासमोर लिहा. सहा महिन्यांनी ‘वाचून झालं का?’ असं न विचारता ‘दुसऱ्या एकाला वाचायला हवंय’ असं म्हणा, त्यात कुणाचा अपमान होत नाही. तरीही आलं नाही तर दुसरी प्रत घ्या. माझ्याकडच्या ‘स्मृतिचित्रे’ची ही चौथी प्रत आहे, आणि तीही सध्या घरात नाही.